न मेलेलीचे नाव

मित्रांनो, मी एक म्हातारी रेनडिअर आहे. उजव्या बाजूला एक शिंग, डाव्या बाजूला नुसता खड्डा, एक कान वरून कुरतडलेला आणि पोटावर हातभर लांबीचा व्रण. आधीच सांगते, मला ‘बिचारी’ म्हणणार असाल तर इथूनच उठून चालू लागा. माझी कीव करणारे माझ्याच कळपात पुष्कळ होते. त्यांतल्या बहुतेकांचे अंगरखे झाले, मी अजून उभी आहे.

मला नाव आहे. त्यात काय एवढे, असे तुम्हाला वाटेल. तुमच्याकडे पोर जन्मले की पाळण्यातच नाव मिळते. आमच्याकडे कळपात नुसती डोकी असतात. नाव मिळते ते गाडी ओढणाऱ्या जनावराला, नाहीतर चुलीपाशी माणसांच्या हाताने वाढलेल्याला. ज्याला नाव आहे त्याच्या गळ्यात फास टाकायला माणसाचा हात कचरतो. ज्याला नाव नाही ते मांस. एवढा साधा हिशेब. म्हणून चांगले नाव मिळणे ही आमच्यात हौसेची गोष्ट नाही, जीव वाचण्याची गोष्ट आहे. माझे नाव मला कसे मिळाले ते ऐका, आणि ऐकताना मध्ये चुळबुळ करू नका.

माझा जन्म वादळात झाला. म्हणायला वसंत होता, पण आमच्या उत्तरेच्या उघड्या माळावर वसंताला विचारतो कोण! वारा असा की उभे जनावर आडवे व्हावे. आई मला चाटत होती. तिची ऊन जीभ माझ्या डोळ्यांवरून फिरत होती आणि मधेच ती थांबली. लांडग्याने तिला मागून धरले होते. आई ओरडली नाही, आमची जात मरताना ओरडत नाही. ती मला ओलांडून पळाली, म्हणजे त्याला अंगावर घेऊनच पळाली, आणि थोडे पुढे जाऊन पडली. मग बाकीचे आले. मी ओलीचिंब, थरथरत, बर्फ लाल होताना बघत होते. जगातला पहिला रंग मी पाहिला तो हाच.

लांडगे पोटे भरून गेले तसे डोमकावळे उतरले. त्यांना पाडसाचे डोळे फार आवडतात, मऊ असतात ना. एकाने माझ्या डोळ्यावर नेम धरला. मी मान झटकली म्हणून डोळा वाचला, कानाचा तुकडा गेला. तेवढ्यात मेइको आला. त्याने गाडी हाकायच्या लांब काठीने त्या कावळ्याला उडता उडता असा हाणला की त्याची पिसे माझ्या अंगावर पडली.

मेइको कळपाचा मालक. त्याच्याबरोबर त्याचा चुलतभाऊ पुदाको होता, ज्याची जीभ कधी तोंडात राहत नसे.

“टाक तिथंच,” पुदाको म्हणाला. “आईविना पाडस ते. कातडं बघ, एक हातमोजासुद्धा निघायचा नाही.”

“इल्नेला खेळायला होईल,” मेइको म्हणाला.

“खेळेल, आणि मग ते मेलं की रडेल. रडं तुझ्या तंबूत, माझ्या नाही. उचल बाबा, उचल.”

मेइकोने मला अंगरख्यात कोंबले आणि तंबूत आणून चुलीपाशी टाकले. इल्ने त्याची मुलगी, तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. तिने मला बोटाने माशाचे कढण चाटवले. बोट चावले तरी काढून घेतले नाही. वादळ थांबेपर्यंत मी तिच्या कुशीत झोपत होते, आणि दर घोटाला ती माझ्या कुरतडलेल्या कानात एक नाव पुटपुटत होती. वादळात सापडली म्हणून हादने. आमच्या माणसांच्या बोलीत हादने म्हणजे वादळाची बाई. चुलीची ऊब, माशाचा वास आणि ते नाव, हे तिन्ही माझ्या डोक्यात एकाच जागी जाऊन बसले.

वादळ सरले. मी पहिल्यांदा बाहेर धावले आणि इल्ने माझ्यामागे धावली.

“हादने! ए हादने! इकडे ये!”

सगळा तळ जागच्या जागी थांबला. लाकूड फोडणाऱ्या मेइकोची कुऱ्हाड वरच राहिली. इल्नेच्या आईने धावत येऊन पोरीच्या तोंडावर हात दाबला. पुदाकोचे तोंड उघडे राहिले आणि, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच असेल, त्यातून काही बाहेर आले नाही.

झाले होते ते असे. मेइकोच्या आईला लहान पोरे ‘आजी’ म्हणत, मोठी माणसे ‘मेइकोची आई’ म्हणत, आणि पाठ फिरली की पुदाको ‘कुऱ्हाड’ म्हणे. तिचे खरे नाव कोणी घेत नसे. थोरांचे नाव तोंडातून काढले की त्यांचे आयुष्य तुटते, अशी आमच्या माणसांची समजूत. त्यामुळे नातवंडांना आजीचे नाव माहीतच नसते. कोण सांगणार? सांगायचे म्हणजे घ्यावे लागणार. आजीही वादळातच जन्मली होती. तिच्या आईनेही तोच विचार केला होता जो इल्नेने केला.

तंबूचे दार उचलून आजी बाहेर आली. हातात दोरी, कमरेला सुरी, आणि चेहरा असा की कुत्री गाडीखाली गेली.

“कोणी मारली हाक?”

आजीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले.

“बहिरी नाही झाले अजून. माझी आई मेल्यापासून मला त्या नावानं कोणी बोलावलं नाही. आज कोणाला एवढी आठवण आली?”

इल्नेच्या आईचा हात सैल पडला. “मी माझ्या पाडसाला मारली, आजी,” इल्ने म्हणाली.

आजीने माझ्याकडे पाहिले. “ह्या ओल्या चिंधीला?”

मग तिने दोरीचा एक फटका इल्नेच्या पाठीत ओढला आणि दुसरा माझ्या. पोरगी कळवळली पण तोंड मिटूनच. मी मात्र शेजारच्या गाडीवर जाऊन आदळले.

“आई, मारून टाकू का पाडसाला?” मेइकोने विचारले.

“माझ्या नावानं हाक मारलेल्या जनावराचा गळा आवळणार? अरे, कोणाचा आवळतोयस ते बघ की आधी!”

“मग राहू दे.”

“राहू दे कसं? उद्यापासून पोरं मला ‘इकडे ये, घाण खाऊ नको’ म्हणणार, आणि मी ऐकत बसणार?” आजीने इल्नेला दंडाला धरून उभे केले. “तूच घाण केलीस, तूच निस्तर. हिला दुसरं नाव शोध. चांगलं नाव. पाडसांची कातडी काढायच्या दिवसापर्यंत सापडलं तर ठीक. नाही तर ही बिननावाची, आणि बिननावाच्यांचं काय होतं ते तुला माहीत आहे. तोवर हिला ‘ए’ म्हणायचं.”

पुदाकोची जीभ परत आली. “‘ए’ वाईट नाही. माझी बायको मलाही तेच म्हणते.”

“ती आणखीही काय काय म्हणते, तू नसताना,” आजी म्हणाली आणि आत गेली.

तो सगळा उन्हाळा इल्ने माझ्यासाठी नाव शोधत होती. तुम्हाला वाटेल नावाला काय तोटा! पण आमच्याकडे वाईट मेलेल्या जनावराचे नाव पुन्हा दुसऱ्याला देत नाहीत. ते मरण नावाला चिकटते आणि नव्या जनावराच्या मागे लागते. आणि कोणते नाव कसे मेले हे सगळे आजीला पाठ. ती चुलीपाशी बसून कातडे खरवडायची, इल्ने माझी मान धरून समोर बसायची.

“पांढरपायी ठेवू?”

“माझ्या सासूच्या गाडीला होती. नदीचा बर्फ फुटला आणि गाडीसकट खाली गेली. वर बर्फ पुन्हा धरला. आतून टापा मारत होती, दिसत होत्या पांढऱ्या. दुसरं सांग.”

“चांदणी?”

“लांडग्यांनी मागून खायला सुरुवात केली तेव्हा ती पुढून चालत होती. दुसरं.”

“धुकी.”

“तुझ्या आजोबांनी धुक्यात लांडगा समजून गोळी घातली. जबडाच उडवला. मग रडत बसले चार दिवस, तिचंच मांस खात.”

“लाडकी?”

“लाडक्या तर सगळ्यात आधी गेल्या. रोगाच्या साली खड्डा खणून एकीवर एक टाकल्या.”

इल्नेच्या डोळ्यांत पाणी आले. “आजी, सगळीच मेलीत. न मेलेलीचं नाव मी कुठून आणू?”

“तेच तर म्हणते मी. शोध.” आणि सुरी पुन्हा कातड्यावर खर्र करून फिरली.

मी ऐकत होते, मित्रांनो. ज्या पोरीच्या बोटाने मी वाढले ती रोज एकेक नाव आणायची आणि आजी त्यातून एकेक प्रेत काढून दाखवायची. आमचा माळ म्हणजे असाच. वरून शेवाळ आणि बर्फ, खाली हाडे. एकही नाव असे नव्हते ज्याच्या खाली हाड लागले नाही.

उन्हाळा संपला. डास गेले, पाडसांचे केस आखूड आणि दाट झाले. अंगरख्याला तेच लागतात. गाड्या गोलाकार उभ्या करून मध्ये कळप कोंडला. फास हवेत सूं सूं करू लागले. आमच्याकडे रक्त वाया घालवत नाहीत. गळ्यात दोरी, एक टोक एका माणसाच्या हाती, दुसरे दुसऱ्याच्या, आणि दोघे दोन दिशांना ओढतात. जनावर बसते, डोळे बाहेर येतात, पाय झाडते आणि मग झाडत नाही. मग सुरी. मग सगळे भोवती बसून ऊन काळीज कापून खातात, पोरांच्या हनुवट्या लाल होतात आणि सगळे आनंदात असतात. मी दोष देत नाही. मी त्यांचेच कढण पिऊन वाढले. पण माझ्याबरोबर उन्हाळाभर उड्या मारलेली काळतोंडी पाडसे एकामागून एक बसत होती, आणि मी त्यांच्यामध्ये उभी होते. बिननावाची.

त्या वर्षी अंगरखा इल्नेचाच शिवायचा होता. जुना तिला कोपरापर्यंतच येत होता.

आजीने स्वतः फास टाकला. तिचा नेम कधी चुकत नसे, माझ्यावरही चुकला नाही. दोरीचे एक टोक मेइकोने घेतले, एक पुदाकोने. “चल ग ‘ए’,” पुदाको म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात मजा नव्हती. दोरी आवळली. माझ्या डोळ्यांपुढे आधी लाल आले, मग काळे. कानात नुसता वारा.

त्या वाऱ्यातून इल्नेचा आवाज आला. ती दोन पुरुषांच्या मधे येऊन दोरीला लटकली होती.

“सोडा! सापडलंय नाव!”

“सांग,” आजी म्हणाली. दोरी सैल झाली नव्हती.

“तूच म्हणालीस न मेलेलीचं नाव आण. सगळ्या नावांच्या मेल्या. एकाच नावाची मेलेली नाही. ती माझ्यासमोर उभी आहे, आणि तेच नाव तू मला घेऊ देत नाहीस!” पोरगी रडत नव्हती, किंचाळत होती. “मारायचं असेल तर त्याच नावानं हाक मारून मार. तूच मार. मग मला अंगरखा शिव तिचा!”

रक्ताने भरलेल्या त्या रिंगणात कोणी श्वास घेतला नाही. मला तर घेताच येत नव्हता. आजी माझ्या डोळ्यांत बघत राहिली, मी तिच्या. म्हाताऱ्या बाईच्या तोंडात एक नाव आले आणि तिने ते गिळले, मी पाहिले. ते तिच्याने निघेना.

मग ती पुढे आली, माझ्या पाठीवरचे केस तिने बोटांत धरून ओढले आणि नाक मुरडले.

“सोडा हिला. केस बघा, विरळ. बाहीसुद्धा निघायची नाही.”

“आई, केस तर चांगले—”

“मेइको, कातडी तू शिवतोस की मी?”

दोरी सुटली. मी जगले, पण नाव मिळाले नाही. ‘ए’च राहिले. इल्नेने तो हिवाळा कोपरापर्यंतच्या बाह्यांत काढला, मनगटे फुटली तरी तक्रार केली नाही.

पुढच्या शरदात नर माजले. माजलेल्या नराला अक्कल नसते, मान जाड होते आणि डोके रिकामे. दोन नर माझ्यासमोर शिंगांत शिंगे अडकवून भांडले. एकाने दुसऱ्याचा डोळा फोडला, फुटक्या डोळ्याचा उधळला आणि मी वाटेत आले. त्याच्या शिंगाने माझे पोट फाडले. इल्नेच्या आईने जनावराच्या शिरेच्या दोऱ्याने ते शिवले, मी बर्फात पडल्या पडल्या तिची बोटे चावत होते. जखम भरली, पण मला पुढे पाडस झाले नाही. वांझ मादीचे दोनच उपयोग, मांस नाहीतर गाडी.

“माझ्या गाडीला लावा,” आजी म्हणाली. का, ते कोणी विचारले नाही.

आजी काही मायेने शिकवणारी नव्हती. पट्टा गळ्यात घातला की मी उलटी फिरायचे. काठी बसायची. बसकण मारली की पुन्हा काठी. माझ्या खांद्यांचे साल निघाले. शेवटी एक दिवस मी सरळ ओढले, आणि ओढले ते असे की शेजारचा दगड्या, जुना खच्ची केलेला बैलासारखा नर, तोही धापा टाकू लागला. आजीने जिभेने टकटक केले. तिची शाबासकी तेवढीच. हाक मात्र नाही.

हिवाळा लागला तसा तळ दक्षिणेकडे हलला. गाड्यांची रांग लागली, आजीची सगळ्यात शेवटी. तिच्यामागे इल्ने बसलेली. वाटेत आमच्या गाडीचा एक पट्टा तुटला. तो सांधेपर्यंत रांग पुढे गेली आणि मधे वादळ उतरले. दिवस होता, पण आमच्याकडे त्या दिवसांत दुपारही राखेच्या रंगाची असते. पुढचे काही दिसेना.

लांडगे वाऱ्याच्या बाजूने आले. त्यांनी दगड्याचा गळा धरला, तो उभ्या उभ्या गुडघ्यांवर आला. माझ्या पलीकडे जुंपलेल्या भिंगऱ्याचे पोट उघडले, आणि तो आपल्याच आतड्यांत पाय अडकून पडला. गाडी उलटली. आजीचा पाय गाडीखाली आला आणि काटकी मोडावी तसा मोडला. माझा सांधलेला पट्टा तुटला.

मी पळाले. लाज कसली? थांबलेले जनावर मरते, हे आईच्या रक्ताने मला जन्माच्या दिवशीच शिकवले होते.

मागून आजीची हाक आली. “ए! ए!”

मी ऐकली. ऐकून न ऐकल्यासारखी केली. ‘ए’ म्हणूनच मला फासाला नेले होते, ‘ए’ म्हणूनच काठी पडत होती. ‘ए’ला मी का फिरू? मी आणखी लांब गेले. मग वारा माझ्या बाजूला वळला आणि मागचे सगळे बोलणे माझ्यापर्यंत आणू लागला.

इल्ने गाडी उचलायला बघत होती. आजी पडल्या पडल्या काठी फिरवत होती. जास्त भुकेले लांडगे पडलेल्या दोन नरांना फाडत होते, बाकीचे दोन माणसांकडे वळले होते.

“आजी, मी मारू हाक? एकदाच? ती येईल!”

“तू नाही.”

“आजी, ते जवळ येतायत!”

“तू मारलीस तर माझं आयुष्य तू तोडल्यासारखं होईल, आणि जन्मभर ते तुझ्या डोक्यावर राहील. माझं नाव आहे. तोडायचं तर मी तोडीन.”

गाडीच्या काठाला धरून ती मोडक्या पायावर उभी राहिली. हाड तिच्या कातडी बुटातून बाहेर आले होते. आणि ती कुऱ्हाड, जिच्या तोंडून कोणी कधी गोड शब्द ऐकला नाही, आपले स्वतःचे नाव घेऊन वादळात ओरडली.

“हादनेऽऽ! हादनेऽऽ, ये ग!”

मित्रांनो, मला चुलीचा वास आला. वादळात, रक्ताच्या वासात, मला माशाच्या कढणाचा वास आला. माझे पाय मला न विचारता वळले.

पहिला लांडगा इल्नेच्या अंगरख्याची बाही धरून ओढत होता. मी त्याच्यावर मागच्या पायांवर उभी राहून उतरले. आमच्या पुढच्या टापा बर्फ फोडायला केलेल्या असतात, लांडग्याची पाठ त्यापेक्षा मऊ असते. कडकन आवाज आला आणि त्याचे मागचे अंग लुळे पडले. तो पुढच्या पायांनी खरडत राहिला, मी त्याच्या डोक्यावर पुन्हा उतरले. पुन्हा उतरले. गरज नव्हती तरी उतरले.

दुसऱ्याने माझे डावे शिंग पकडले. माजलेले नर माज उतरला की शिंगे गाळून बसतात, आम्ही माद्या हिवाळ्यातही डोक्यावर वागवतो, आणि त्या दिवशी ते कामी आले. मी मान खाली घालून त्याला गाडीवर दाबले. तो लटकला, पिळला, आणि शिंग मुळातून, कवटीच्या हाडासकट उखडले. माझ्या डोळ्यांवर ऊन रक्त आले. त्या रक्तातून आजीचा हात आला, हातात सुरी. तिने ती लांडग्याच्या मानेत घातली आणि फिरवली, कातडे खरवडायची तशीच. आम्ही दोघी एकमेकींवर पडलो. तिचे रक्त, माझे आणि लांडग्याचे, कोणते कोणाचे ते कोणी सांगू शकले नसते.

बाकीच्यांना खायला भरपूर होते, ते आमच्याकडे आले नाहीत.

इल्नेने आपला कमरपट्टा सोडून तुटका पट्टा बांधला. गाडी सरळ झाली. मी एकटी ओढत होते, अर्धी आंधळी, आणि आजी दर थोड्या वेळाने माझे नाव घेत होती. ओरडून नाही. नुसते. “हादने. हं, हादने.”

वाटेत मेइको आणि पुदाको शोधत आले. पुदाकोने कंदील वर केला आणि तो मागे सरकला. “ही रक्तानं माखलेली कोण?”

“ही हादने,” आजी माझ्याकडे बोट करून म्हणाली. “आणि गाडीत पडलीय ती पण हादने. आधी कोणाला उचलतोस ते ठरव लवकर.”

मेइकोने दोन्ही कानांवर हात ठेवले.

“कान काय झाकतोस? नाव तुझ्या आईचं आहे, लांडग्याचं नाही. आजपासून हिला ह्याच नावानं हाक मारायची. ज्याला जड जाईल त्यानं माझ्या चुलीपाशी यायचं नाही.”

तेव्हापासून माळावर दिवसातून किती वेळा तरी ते नाव घुमायचे. नाव घेतले की आयुष्य तुटते म्हणे! आजीचा पाय वाकडाच जुळला, पण बाई काही तुटेना. तिच्यापेक्षा लहान कितीतरी गेले. पुदाको म्हणायचा, “अरे, जरा हळू हाक मारा त्या जनावराला. तुम्ही जेवढे ओरडता तेवढी म्हातारी वाढते.” मी तिची गाडी ओढत राहिले, सगळ्यात पुढे. माझ्या डाव्या बाजूला पुन्हा कधी शिंग फुटले नाही. पोरे हसत. आजी म्हणायची, “हसा. एका शिंगाच्या जिवावर जेवताय.”

मग एका वसंतात ती चुलीपाशी पडली आणि उठली नाही. लांडगा नाही, बर्फ नाही, गोळी नाही. नुसते म्हातारपण. शेवटल्या दिवशी तिने मेइकोला जवळ बोलावले. आमच्याकडे रीत आहे, मेलेल्याला थडग्यापर्यंत नेणारी जनावरे तिथेच मारतात, म्हणजे त्याला पुढच्या मुलखात गाडी मिळते.

“माझ्या गाडीची बाकीची मारा,” ती म्हणाली. “मला तिकडं पायी हिंडायची हौस नाही. पण एकशिंगीला हात लावायचा नाही.”

“रीत आहे, आई. पुढचं जनावर नसेल तर गाडी चालायची कशी?”

“मी हाकीन, तुला काय त्याचं? ती पण माझ्याबरोबर आली तर इकडं माझं नाव कोण वागवील?”

मी तिला नेले. बाकीच्यांचे गळे माझ्या दोन्ही बाजूंना आवळले गेले, सुऱ्या चालल्या, त्यांची शिंगे थडग्यापाशी रचली. मी उभी होते. मेइकोच्या हातात शेवटची दोरी होती. त्याने ती माझ्याकडे बघत गुंडाळली आणि खांद्यावर टाकली.

मेलेल्याचे नाव तर कोणीच घेत नाही. तेव्हा मी पुन्हा ‘ए’ झाले. मोठी झालेली इल्नेही मला ‘ए’ म्हणायची आणि म्हणताना कान खाजवायची, तोच कुरतडलेला. कितीतरी हिवाळे असे गेले. माझे दात झिजले, गाडी सुटली, मी तळाभोवती उगाच हिंडू लागले. म्हातारे, बिननावाचे जनावर. पुदाकोची पोरे माझ्याकडे बघून सुऱ्यांची धार बोटाने तपासायची.

आणि परवाचीच गोष्ट. तंबूतून इल्नेचे पोर दुडदुडत बाहेर आले, नुकतेच चालू लागलेले. ते सरळ कुत्र्यांच्या भांडणात निघाले होते. मागून इल्नेचा आवाज आला, चुलीच्या धुरात भिजलेला.

“हादने! हादने, मागे फिर!”

पोरीने मान वळवली. मीही वळवली. कुत्री एकमेकांचे लचके तोडत होती, त्यांच्यामध्ये जाऊन मी उभी राहिले, आणि पोरीने हात वर करून माझे एक शिंग धरले. इल्ने दारात उभी राहून दोघींकडे बघत होती. “सापडलं नाव, आजी,” ती म्हणाली. “ह्या नावाची म्हातारपणानं मेली. असं दुसरं नाव नाही माळावर.”

मित्रांनो, एवढेच सांगायचे होते. जनावराला नाव ठेवताना ते तोंडाला गोड लागते की नाही ते बघू नका. तुम्ही त्याला नावाने हाक मारली की ते येते, लांडग्यांमधून येते, रक्तातून येते. ते येऊन पोचेल तेव्हा तुमच्या हातात दोरी असेल की माशाचा तुकडा, तेवढे आधी ठरवा आणि मगच तोंड उघडा.